खुराड्यातला दिवा

स्कार्व्हनेस, १९ नोव्हेंबर

प्रिय हेर्डिस,

हे पत्र आहे, नाताळचं कार्ड नाही, म्हणून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. फोन केला असता, पण फोन तू ठेवून देतेस. पत्र फाडायला निदान दोन्ही हात लागतात.

काम एवढंच आहे. गावातल्या एका बाईला एक गोष्ट विचारायची आहे आणि तिला विचारायला दुसरं कोणी नाही. तुझ्याकडे पूर्वी एक दिवा होता. पांढरी चौकट, आत चार नळ्या, हिवाळ्यात मन खचतं त्यावर डॉक्टरने स्वीडनहून मागवून दिलेला. त्याच्यासमोर रोज किती वेळ बसायचं असतं? सकाळी की संध्याकाळी? दिव्याकडे बघायचं की नाही? त्याच्याबरोबरचा माहितीचा कागद हरवला आहे. म्हणजे, त्या बाईकडे असा कागद नाही.

ती बाई तशी धडधाकट आहे. वय एकाहत्तर. रोज सकाळी एक चमचा माशाचं तेल घेते आणि दीपस्तंभापर्यंत चालून येते. निदान यायची. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाली. गेल्या हिवाळ्यापासून तिला उठायला जरा उशीर होतो. आधी आठ, मग नऊ. परवा साडेअकरा वाजले. तिचं म्हणणं, काम नसलं की असं होतं. मला ते पटतं.

इकडचं सगळं ठीक. सूर्य चौदा तारखेला गेला, डोंगरामागे, नेहमीच्या जागी. आता जानेवारीअखेरपर्यंत उगवायचा नाही. सहा कोंबड्या आहेत. बाकी कोणी नाही.

तुझ्या रोपवाटिकेत आता नाताळच्या लाल फुलांची घाई असेल. उत्तर कार्डावर दिलंस तरी चालेल.

तुझी बहीण,
बोर्गहिल्ड


स्कार्व्हनेस, २ डिसेंबर

प्रिय हेर्डिस,

पाकीट फोडलं तर माझंच पत्र परत आलेलं. लाल शाईने तपासून.

‘कोणी मेलेलं नाही’ याच्या शेजारी: ‘बरं.’ ‘गावातल्या एका बाईला’ याच्याखाली दोन रेघा आणि: ‘कोण? नाव लिहा.’ ‘तशी धडधाकट’ याला मोठं प्रश्नचिन्ह. ‘इकडचं सगळं ठीक’ याच्यापुढे: ‘पुरावा?’ आणि तळाशी: ‘दहापैकी दोन. पुन्हा लिहून आणा.’

मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि हसले. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. हसण्याचा आवाज घरात इतका परका वाटला की मी मागे वळून बघितलं.

लाल शाई का, हे मला कळतं. तू इथून गेलीस त्यानंतर मार्चमध्ये मंदालहून मला चार पानी पत्र लिहिलं होतंस. मी ते तपासून परत पाठवलं. शेवटी शेरा दिला, ‘अतिशयोक्ती टाळावी.’ त्यानंतर तू मला दोन ओळींपेक्षा जास्त कधी लिहिलं नाहीस. तीस वर्षं नाताळच्या कार्डावर दोन ओळी. मोजून लिहीत असशील.

तर पुन्हा लिहून आणते.

ती बाई मी आहे.

दुःख नाही, हेर्डिस. दुःख मला ओळखता येतं. हे तसं नाही. कोणीतरी पायांपासून वर वर ओली वाळू टाकत आणल्यासारखं आहे. जेवावंसं वाटत नाही, पण कपाटापुढे उभी राहून सहा सहा पाव खाते, वर ब्राऊन चीज, वर साखर. कॉफीची केटली तीन आठवडे घासलेली नाही. शब्दकोडी तशीच पडली आहेत. एकच स्वेटर अंगावर असतो. मी वर्गात मुलांची नखं तपासायची, आणि आता माझी नखं बघितलीस तर मला घरी पाठवशील.

आणि तुझा दिवा मी ठेवला होता तिथेच आहे.

तेही लिहितेच, नाहीतर पुन्हा दोन गुण मिळतील. तू गेलीस त्या जानेवारीत तीन आठवडे खोलीतून बाहेर आली नव्हतीस. मी रोज सकाळी सहाला तुझी दुलई ओढायची आणि खिडकीचा पडदा सरकवायची, जणू बाहेर बघण्यासारखं काही होतं. मग तो दिवा आला. तू दोन दिवस त्याच्यासमोर बसलीस. तिसऱ्या दिवशी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी तो उचलला आणि मागच्या खुराड्यात नेऊन टांगला. तू विचारलंस तेव्हा म्हणाले, ‘कोंबड्यांना उजेड दिला की त्या निदान अंडी तरी देतात.’

दोन दिवसांनी बोटीने दक्षिणेला गेलीस.

अंडी खरंच वाढली. हे मी गावभर सांगत असे.

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात, तू सूचना लिहिल्यास त्या मिळाल्या. उठल्यावर तासाभरात. हाताच्या अंतरावर, थोडा बाजूला. डोळे उघडे, पण दिव्याकडे टक लावायचं नाही. जुना दिवा आहे, म्हणून अर्धा तास पुरणार नाही, दीड-दोन तास. संध्याकाळी मुळीच नाही, झोप उडते. आणि आधी डॉक्टरला डोळे दाखवायचे. त्या पेन्सिलीबद्दल आभार. लाल शाईपेक्षा ती वाचायला मला जास्त वेळ लागला.

२७ जानेवारीला सूर्य परत येतो. तू ये. आज्ञा नाही, विनंती आहे. सूर्य यायच्या दिवशी, पहिल्या किरणाने वितळावं म्हणून, खिडकीच्या चौकटीला लोणी लावायचा मान घरातल्या धाकट्याचा. या घरात तीस वर्षं लोणी लागलेलं नाही.

बोर्गहिल्ड (नाव लिहिलं आहे)


स्कार्व्हनेस, १३ डिसेंबर

प्रिय हेर्डिस,

डॉक्टर एक गुरुवार सोडून बोटीने येतो. दक्षिणेकडचा पोरगेला माणूस आहे, मला सरळ बोर्गहिल्ड म्हणतो. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, हजार प्रश्न विचारले आणि म्हणाला, “दिवा आहे ना तुमच्याकडे? मग वापरा. कुठे ठेवलाय?” मी म्हटलं, “मागच्या बाजूला.” खोटं नव्हतं.

तर सध्या मी रोज सकाळी सातला खुराड्यात जाते. बादली पालथी घालते, त्यावर उशी, आणि दिव्यासमोर पुस्तक घेऊन बसते. कोंबड्यांनी दोन दिवस नाराजी दाखवली. आता तपकिरी कोंबडी माझ्या पायावर येऊन बसते. वास आहे, पण सवय होते. खुराड्याला रस्त्याच्या बाजूने खिडकी नाही, हे मुख्य.

पण खालच्या फटीतून उजेड बर्फावर पडतो हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि त्या उजेडात सावली हलते.

पाचव्या दिवशी दार धाडकन उघडलं. स्टाइनार. आठवतो का? शेजारचा, आता मोठी मासेमारीची बोट आहे त्याची. हातात फावडं.

“कोण आहे आत? बाहेर ये!”

“दार लाव, स्टाइनार. थंडी येते.”

“बाई?” तो फावडं तसंच धरून उभा. “बाई, मला वाटलं कोल्हा शिरला. मग वाटलं, कोल्हा दिवा कशाला लावेल?”

“बरोबर विचार केलास. आता जा.”

“पण तुम्ही इथे काय करताय?”

“वाचतेय.”

त्याने माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, कोंबड्यांकडे बघितलं. मग टोपी काढून म्हणाला, “यांना कोणत्या इयत्तेत घातलंय?”

मी त्याला पाच वर्षं शिकवलं आहे. एवढा हजरजबाबी तो कधी नव्हता. मी त्याला सांगितलं की हे गावात कोणालाही कळता कामा नये. तो म्हणाला, “बाई, मी काहीच पाहिलं नाही. कोल्हा होता.” पण जाताना असं हसला, जणू त्यालाही काही सांगायचं होतं आणि तो ते गिळून गेला.

घरात आल्यावर तुझं कार्ड बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यावर तिसरी ओळ आली. ‘येईन की नाही हे आत्ता सांगत नाही. पण माझा दिवा खुराड्यातून बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत लागल्याशिवाय नक्की येणार नाही. पडदा न लावता.’

हेर्डिस, हे जमणार नाही.

तुला ती खिडकी माहीत आहे. दुकानातून दिसते, धक्क्यावरून दिसते, प्रार्थनाघरातून दिसते. या गावात कोणाच्या खिडकीत कधी दिवा लागला यावरून लोक घड्याळ लावतात. मी पंचेचाळीस वर्षं या गावाच्या पोरांना सांगितलं की अंधार हा हवामानाचा प्रकार आहे, आजार नव्हे. त्या पोरांची आता पोरं आहेत. त्यांच्यासमोर मी खिडकीत बसून दिव्याचा उजेड अंगावर घेत बसू? तुझ्या रोपवाटिकेतल्या रोपांसारखी?

दिवा जिथे आहे तिथे काम करतो आहे. अट बदल. दुसरं काहीही सांग.

बोर्गहिल्ड


स्कार्व्हनेस, २९ डिसेंबर

प्रिय हेर्डिस,

या नाताळला तुझं कार्ड आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. दोन ओळी किती लांब असतात, त्या न आल्यावर कळलं.

तक्रार करत नाही. काय झालं ते लिहिते.

तेवीस तारखेला वादळ आलं. खुराड्यापर्यंत कंबरभर बर्फ साचलं. मी स्वतःला म्हटलं, एक दिवस नाही बसलं दिव्यासमोर तर काय होतं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेगडी पेटवली नाही. मासा बाहेर काढून ठेवला होता, तो तसाच राहिला. मग तीन दिवस मी पलंगावरून फक्त पाण्यासाठी उठले. भिंतीकडे तोंड करून पडले होते. भिंतीवरच्या कागदात एक जहाज आहे, उलटं छापलेलं. तुला माहीत असेल, तुझ्या खोलीतही तोच कागद आहे. तू ते जहाज किती वेळ बघितलं असशील, हे मला त्या तीन दिवसांत कळलं.

कोंबड्यांनी चुगली केली. उपाशी कोंबड्यांचं ओरडणं स्टाइनारच्या घरापर्यंत गेलं. सत्तावीस तारखेला दुपारी दोनला तो आत आला. दार न वाजवता. मी पलंगावर, केस विस्कटलेले, तोच स्वेटर. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. मला वाटलं, आता हा दुलई ओढणार. मी असते तर ओढली असती.

त्याने खुर्ची घेतली, टोपी मांडीवर ठेवली आणि बसला.

“बाई, कोंबड्यांना खायला घातलं. वाट मोकळी केलीय. कॉफी ठेवलीय चुलीवर.”

मी म्हटलं, “उठते.”

तो म्हणाला, “घाई नाही.”

हेर्डिस, मला आजवर कोणी घाई नाही असं म्हणालेलं नव्हतं. मीही कोणाला कधी म्हणाले नाही. मी रडले. तो खिडकीबाहेर बघत बसला आणि हवामानाबद्दल काहीतरी बोलत राहिला, वाऱ्याची दिशा वगैरे, मला अर्धं ऐकू आलं. तासाभराने मी उठले. केटली त्याने घासली होती.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. तू सात वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. आईचा शेवटचा हिवाळा. बाबा लोफोटेन बेटांवर कॉड माशांच्या मोसमाला गेलेले. आई नोव्हेंबरपासून पडून होती, भिंतीकडे तोंड करून. तू विचारायचीस आणि मी सांगायची, ‘आई दमलीय, आवाज करू नकोस.’ मी सोळा वर्षांची. चहा नेऊन ठेवायची, गार झालेला परत आणायची आणि दार हळूच लावून घ्यायची. मला वाटायचं यालाच प्रेम म्हणतात. फेब्रुवारीत तिच्या छातीत कफ भरला. डॉक्टरला बोलवायला मी दोन दिवस उशीर केला, कारण ती म्हणाली, ‘राहू दे.’

पंचावन्न वर्षं मी मनात म्हणत आले, दुलई ओढली असती तर. तिची ओढली नाही म्हणून तुझी ओढली. रोज सकाळी सहाला. तू त्या पलंगावर पडलीस की मला तू दिसायचीच नाहीस, तीच दिसायची. आणि मी इतकी घाबरलेली असायची की माझा आवाज चढायचा. तू भीतीला राग समजलीस. चूक तुझी नव्हती. दोन्हींचा आवाज मी एकच ठेवला होता.

आणखी एक. शाळेत मी तुला मला ‘बाई’ म्हणायला लावलं, सगळ्यांसारखं. घरी आल्यावरही तू कधीकधी चुकून ‘बाई’ म्हणायचीस. मी दुरुस्त करायला हवं होतं. बाकी सगळं दुरुस्त करत होते.

उद्या स्टाइनार दिवा खिडकीत लावणार आहे. पडदे मी धुवायला काढले आहेत. परत लावणार नाही.

तू ये अगर येऊ नकोस. दिवा खिडकीतच राहील.

बोर्गहिल्ड


स्कार्व्हनेस, १० जानेवारी

प्रिय हेर्डिस,

पुरावा मागितला होतास. सोबत फोटो आहे. खिडकीत बसलेली, चष्मा नाकावर, वर्तमानपत्र हातात, चेहऱ्यावर उजेड, तीच मी. फोटो कोणी काढला ते खाली येईल.

दिवा आणताना स्टाइनारने आधी तो अंगणात उलटा करून झटकला. तीस वर्षांची पिसं निघाली, बर्फ तपकिरी झालं. मग त्याने नळ्या बदलल्या. नव्या नळ्या त्याच्या घरीच होत्या. मी विचारलं, “तुझ्याकडे या मापाच्या नळ्या कशा?” तो खोकला.

खुराड्यात आता साधा बल्ब लावला आहे. कोंबड्या खूश नाहीत, पण त्यांची मुदत संपली.

पहिल्या सकाळी सातला दिवा लावला. समोर दुकान. येर्ट्रुड दुकानाचं शटर वर करत होती. पंच्याण्णवच्या सुमाराला माझ्या पाचवीच्या वर्गात होती, लाल वेणी, आता दुकान तीच चालवते. तिने वळून बघितलं आणि हात शटरवरच राहिला. मी वर्गात शिरताना हलवायची तशी मान हलवली. ती आत पळाली. मी मनात म्हटलं, झालं. दुपारपर्यंत गाव हसणार.

सव्वासातला दार वाजलं. येर्ट्रुड. जाकीट उलटं घातलेलं.

“बाई, किती लक्स?”

“काय?”

“दिवा हो. उजेड किती लक्सचा? माझा दहा हजारांचा आहे. अर्ध्या तासात काम होतं. हा तर आजोबांच्या काळातला दिसतोय.”

“तुझा? तुझ्याकडे दिवा आहे?”

“शीतपेट्यांच्या खोलीत. नऊ वर्षं झाली. मासे मोजायला जाते म्हणते आणि बसते अर्धा तास, टोपी घालून. नवऱ्याला ठाऊक आहे.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी पाचवीत आहे आणि ती बाई.

“तुम्हाला? बाई, तुम्ही आम्हाला कोंबड्यांची गोष्ट सांगितली होती. वर्गात. दिव्याखाली अंडी दुप्पट झाली ती. आम्ही सगळे हसलो होतो. मी पण. मग मलाच दिवा लागला तेव्हा कोणत्या तोंडाने सांगू?”

हेर्डिस, मला ते आठवत नव्हतं. म्हणजे गावाला सांगितलेलं आठवत होतं. वर्गात सांगितलेलं नाही.

त्यानंतर आठवडाभर लोक येत राहिले. कोणी अंडी घ्यायला, कोणी उगाच. स्टाइनारचा दिवा बोटीवर सुकाणूच्या खोलीत आहे. मी धक्क्यावर दिसले की त्यावर टॉवेल टाकायचा. पाद्रीबाईंचा प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत, पवित्र भांड्यांच्या कपाटात. शाळेच्या नव्या मुख्याध्यापकाचा माझ्याच जुन्या टेबलाच्या खणात, घडी होणारा. चाळीस घरांच्या गावात सात दिवे निघाले. सातही लपवलेले, आणि सातही एकाच माणसापासून.

येर्ट्रुडला मी म्हटलं, “सात जण अंधारात बसलात माझ्या भीतीने.”

ती म्हणाली, “अंधारात नाही बाई, उजेडातच बसलो. दार लावून एवढंच.” मग मोबाइल काढला. “आता इकडे बघा. बहिणीला पाठवायचाय ना? नाक जरा खाली.”

आता येर्ट्रुडनेही तिचा दिवा दुकानाच्या गल्ल्याजवळ आणला आहे. सकाळी साडेसातला मी तिच्याकडे बघून मान हलवते, ती माझ्याकडे बघून.

तब्येतीचं विचारशील तर चमत्कार नाही. आठव्या दिवशी मी केटली आपणहून घासली. दहाव्या दिवशी दीपस्तंभापर्यंत गेले. काही सकाळी वाळू असते, पण गुडघ्यापर्यंत. डॉक्टर म्हणतो, दिव्याबरोबर बोलणंही लागेल, तो एका समुपदेशक बाईशी फोनवर गाठ घालून देतोय. मी हो म्हटलं. तो चकित झाला. मीही.

तुझ्या अटीसाठी दिवा बाहेर आणला हे खरं. पण तू आली नाहीस तरी तो आत जाणार नाही, हेही आता खरं आहे. म्हणून तुला मोकळेपणाने विचारता येतं. २६ तारखेची बोट दुपारी चारला येते. मी धक्क्यावर असेन. तू उतरली नाहीस तर बोट बघून परत येईन, त्यात काही अपमान नाही. लोणी पावाला लावून खाईन. खिडकीला मी लावणार नाही. तो मान माझा नाही.

तुझी,
बोर्गहिल्ड


२७ जानेवारी, सकाळ. स्वयंपाकघराच्या टेबलावर

हेर्डिस,

तू वर झोपली आहेस आणि मी खाली तुला पत्र लिहिते आहे. सवय लागली.

काल धक्क्यावर तू शेवटी उतरलीस. बोटीवरच्या माणसाने फळी ओढायला घेतली होती आणि मी परत फिरले होते. मागून आवाज आला, “काय बाई, आज शाळेला सुट्टी का?” मी वळले तर तू. पांढरे केस, निळी बॅग, आईसारखी कमरेवर हात ठेवून उभी. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, “टोपी कुठाय तुझी?” तू इतकी हसलीस की स्टाइनार बोटीतून बाहेर आला.

रात्री जेवताना तू म्हणालीस, “अजून दर हिवाळा येतो, बोर्गहिल्ड. काचघरात दिवे असतात म्हणून निभतं. तिथे मी रोपांच्या नावाने बसते.” म्हणजे आपण दोघीही कोणाच्या तरी नावाने बसत होतो. आणि मग म्हणालीस, “उद्या सकाळी मला उठता आलं नाही तर?” तेव्हा मी उत्तर दिलं नाही. इथे देते.

मी सहाला उठले. सातला वर आले, दारापर्यंत. आठला पुन्हा. नऊला पुन्हा. तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी घाबरले, हे कबूल करते. पण थांबून श्वास ऐकला. झोपेतला होता, बरा होता. तीन फेऱ्यांत हात दुलईकडे गेला नाही, हे लिहून ठेव, मला पुढे कामाला येईल.

आता मी शाळेच्या खडकाकडे जाते. पोरांनी बोलावलं आहे, सूर्य दिसला की ओरडायला. गोड पाव येर्ट्रुड आणणार आहे. दुपारी एकपर्यंत परत येईन.

तुझा दिवा खिडकीत लावून ठेवला आहे, तुझ्या खुर्चीच्या बाजूला वळवून. कॉफी थर्मासमध्ये आहे. अंडी टोपलीत, आजची. लोणी निळ्या बशीत, झाकलेलं. खिडकीची चौकट मी पुसून ठेवली आहे, डाव्या बाजूला, तू लावायचीस त्या उंचीवर. तेव्हा तुला स्टूल लागायचं.

सूर्य अकरा चाळीसला खिंडीत येतो. चार मिनिटं थांबतो. तू उठलीस तर त्याच्याआधी लोणी लाव. नाही उठलीस तर झोप. उद्याही तो येणार आहे, अकरा मिनिटं. परवा त्याहून जास्त. लोणी टिकतं.

घाई नाही.

बोर्गहिल्ड